व्ही-मॅक्सची नवी घडण आणि हरवलेला झटका

नावाजलेल्या मोटारसायकलची नवी आवृत्ती आली की चर्चा अश्वशक्तीच्या आकड्यापाशी येऊन थांबते, आणि यामाहाच्या व्ही-मॅक्सच्या बाबतीतही तेच झाले. १९८५ च्या मूळ गाडीत ११९८ सीसीचे व्ही-४ इंजिन होते व ते सुमारे १४५ अश्वशक्ती देते असा कंपनीचा दावा होता. २००९ च्या मॉडेलमध्ये इंजिन १६७९ सीसीचे झाले आणि शक्ती जवळपास २०० वर गेली. आकडा घसघशीत आहे, यात वाद नाही. मला मात्र ही नवी घडण पारखताना दोन जागा अधिक महत्त्वाच्या वाटतात: टाकीच्या बाजूंचे स्कूप (हवा आत घेणारी तोंडे) आणि व्ही-बूस्ट, म्हणजे इंजिन जोरात फिरू लागले की जादा मिश्रण पुरवणारी जुन्या गाडीतली यंत्रणा.

मूळ गाडीत जी टाकी दिसते ती टाकी नव्हतीच. त्या आवरणाखाली एअर बॉक्स, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारी पेटी होती आणि पेट्रोल सीटखाली. दोन्ही बाजूंचे ते रुबाबदार स्कूप तर निव्वळ शोभेचे होते. नव्या गाडीत मात्र हेच स्कूप खरोखर हवा ओढतात. स्कूप काढून टाकणे सोपे होते, तसेच ठेवणे त्याहून सोपे. परंतु रूप तेच राखून त्याला काम देणे, हा या संपूर्ण आराखड्यातला सर्वांत समंजस निर्णय आहे, असे माझे ठाम मत आहे.

व्ही-बूस्टच्या बाबतीत मात्र मन राजी होत नाही. जुन्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला हवा-पेट्रोलचे मिश्रण करणारा स्वतःचा एक कार्ब्युरेटर असे. इंजिन ६००० आरपीएमच्या पुढे गेले की इनटेक मॅनिफोल्डांना (मिश्रण सिलिंडरांत नेणाऱ्या नळ्यांना) जोडणाऱ्या वाटेतल्या झडपा एका छोट्या मोटरने उघडू लागत आणि ८००० पर्यंत पूर्ण उघडत, म्हणजे एका सिलिंडरला दोन कार्ब्युरेटरांतून मिश्रण मिळू लागे. तोवर शहाण्यासारखी चाललेली गाडी त्या क्षणी चालवणाऱ्याला अक्षरशः मागे ढकलत असे. नव्या गाडीत व्ही-बूस्ट नाही; फ्युएल इंजेक्शन आहे, थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, इनटेकच्या नळ्यांची लांबीही इंजिनाच्या वेगानुसार बदलते. त्यामुळे ताकद तळापासून आणि सलग मिळते. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हे निर्विवाद सरस आहे. तरीही ज्या गाडीची ख्यातीच त्या दोन टप्प्यांच्या स्वभावावर उभी होती, तिचा तो स्वभाव इतका गुळगुळीत करायला नको होता.

चासीविषयी तक्रारीला जागाच नाही. जुन्या गाडीचे फोर्क (पुढचे चाक धरणारे दांडे) बारीक होते, फ्रेम इंजिनाच्या मानाने लवचीक होती आणि भरवेगात वळणावर ती डुलते, हे तिच्या चाहत्यांनाही ठाऊक होते (त्यातही काहींना शौर्य वाटे, तो भाग वेगळा). ॲल्युमिनिअमची फ्रेम आणि ५२ मिलिमीटरचे फोर्क यांनी ते दुखणे संपवले. वजन ३१० किलोंवर गेले. पण सरळ रस्त्यावर सुसाट सुटण्यासाठीच घडवलेल्या गाडीला ते मी माफ करतो.

माफ करता येत नाही ती पेट्रोलची टाकी. सीटखालची जागा कायम ठेवली हे योग्यच, कारण त्यामुळे वजन खाली राहते. परंतु इंजिन जवळपास पाचशे सीसीने वाढवूनही टाकी पूर्वीसारखीच १५ लिटरची ठेवली. एवढी ताकद हाताशी असताना चालवणाऱ्याचे अर्धे लक्ष पुढच्या पेट्रोल पंपाकडे लागावे, ही अडचण कागदावर आराखडा असतानाच दिसायला हवी होती.