रॅम वाढवल्यावर निळा पडदा आला, तर लगेच फॉरमॅट करू नका

व्हॉट्सॲपवर सध्या एक सल्ला फिरतो आहे. नवी रॅम टाकल्यावर संगणक निळा पडदा दाखवून बंद पडत असेल तर रॅमच्या पट्टीच्या, म्हणजे स्टिकच्या, पिना खोडरबराने घासा. तरीही थांबले नाही तर दोष विंडोजचा समजा आणि फॉरमॅट करा, कारण रॅम खराब असती तर संगणक सुरूच झाला नसता आणि डीडीआर४ या प्रकारच्या रॅमची कोणतीही स्टिक दुसऱ्या डीडीआर४बरोबर चालतेच, असे त्यात म्हटले आहे. खोडरबर जुन्या, काळवंडलेल्या पिनांना उपयोगी पडतो. नव्या स्टिकला त्याची गरज नसते. बाकीचा सल्ला मात्र चुकीचा आहे आणि फॉरमॅटचा तर घातक आहे.

‘रॅम खराब असती तर संगणक सुरूच झाला नसता’ हे फक्त पूर्ण निकामी स्टिकच्या बाबतीत खरे आहे. १६ जीबीच्या एका स्टिकमध्ये १३,७०० कोटींहून अधिक बिट असतात. त्यांतला एखादा बिघडला, तर ती जागा वापरात येईपर्यंत काहीच जाणवत नाही. सकाळी मेल पाहताना संगणक नीट चालतो आणि दुपारी मोठी एक्सेल फाइल उघडली की कोसळतो, तेही प्रत्येक वेळी वेगळा एरर दाखवून. असे एरर ड्रायव्हरमुळेही (संगणकाचे भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅममुळेही) येतात, हे मान्य. पण रॅम टाकेपर्यंत जे मशीन सुरळीत होते, तिथे पहिला संशय नव्या स्टिकवरच घ्यायला हवा.

डीडीआर४ असणे म्हणजे खाच आणि २८८ पिना जुळणे, एवढेच. डीडीआर४चे प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, पण वेगवान म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्टिक छापील वेग १.३५ व्होल्टवर आणि बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी ही जादा वेगाची सोय चालू केल्यावरच देतात. शेजारच्या जुन्या स्टिकला तो वेग झेपेलच असे नाही. स्टिकची संख्या वाढली तरी भार वाढतो : रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीने डीडीआर४च्या पुढच्या पिढीच्या दोन स्टिकना डीडीआर५-५२०० हा वेग दिला आहे, चार स्टिकना फक्त ३६००. म्हणजे चारही स्टिक निर्दोष असून मशीन कोसळू शकते आणि वेग उतरवला की तेच मशीन दिवसभर चालते.

फॉरमॅटबद्दल मला कळकळीने सांगावेसे वाटते. विंडोज इन्स्टॉल होताना तिच्या फाइली रॅममध्येच उलगडतात आणि मग डिस्कवर लिहिल्या जातात. रॅम चुकत असेल तर नवी विंडोजही बिघडलेलीच बसते. गेल्या पावसाळ्यात एका हिशेबनिसांचा डेस्कटॉप माझ्याकडे आला. दुकानात तो दोनदा फॉरमॅट झाला होता आणि टॅलीचा तीन महिन्यांचा डेटा गेला होता. कव्हर उघडले, तर नव्या स्टिकच्या एका टोकाची क्लिप लागलेलीच नव्हती आणि स्टिक केसभर तिरकी बसली होती. ती दाबून ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवली आणि त्रास थांबला. डेटा मात्र परत आला नाही.

म्हणून आधी विजेची वायर काढून नवी स्टिक बाहेर काढावी आणि जुन्यावर एक दिवस काम करून पाहावे. ठीक चालले, तर त्याच स्लॉटमध्ये फक्त नवी लावून पाहावी, मग एक्सएमपी बंद ठेवून दोन्ही. विंडोजच्या स्वतःच्या मेमरी चाचणीत दोष दिसला तर तो खरा मानावा, पण न दिसल्याने स्टिक निर्दोष ठरत नाही. त्यासाठी पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवावा. त्यात लाल रंगात एकच एरर दिसला तरी तो पुरेसा समजावा आणि एक्सएमपी बंद असतानाही, एकट्या स्टिकवर तो येत असेल तर स्टिक वॉरंटीत बदलून घ्यावी. डीडीआर५ मशीनचा पडदा रॅम बदलल्यावर पहिल्यांदा काही मिनिटे काळा राहू शकतो. घाईने बंद करू नये.

हे सगळे करूनही फॉरमॅटची वेळ आलीच, तर बॅकअप नवी स्टिक काढून ठेवूनच घ्यावा, कारण कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधूनच जाते.