आधी घरघर शोधा, मग डॅक बदला

लेख आवडला, पण घरी नीट ऐकायचं तर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्‌झचा डॅकच (डिजिटल आवाजाचं अ‍ॅम्प्लिफायरला लागणाऱ्या विद्युत संकेतात रूपांतर करणारं यंत्र) हवा, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. साधी सीडी १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झची. त्यात या आकड्याच्या निम्म्यापर्यंतचा, म्हणजे २२ किलोहर्ट्‌झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान फार तर २० पर्यंत जातो आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्याचा त्याच्या बराच आधी दमतो. ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेल्या केसरबाई केरकर तर कितीही महागड्या डॅकमधून ऐका, खरखर काही सुरात येत नाही!

माझ्याकडे तानपुऱ्याच्या मागे सतत एक बारीक गूंऽऽ यायचं. दोन महिने डॅकला शिव्या घातल्या, लाखभराचा नवा बघूनही ठेवला. एकदा भाच्यानं सहज लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घरात एकदम शांतता! अर्थिंगचा लूप होता, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून केबलवाटे नको ती वीज फिरत होती. यूएसबीऐवजी ऑप्टिकल केबल लावली (तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही) आणि काम झालं. खर्च काही शे रुपये.

आणखी एक. दुकानात दोन डॅक ऐकताना दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करायला सांगा. एखाद्या डेसिबलचा फरक 'मोठा' म्हणून कळत नाही, 'खुललाय' असं वाटतं. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. माझ्याकडे पैसे असते तर ते मी स्पीकरवर घातले असते. आमच्या हिचं मत मात्र पडद्यांवर घालावेत असं आहे, आणि खोलीतला घुमारा बघता तिचंच बरोबर असावं.