डिस्प्लेवरचं एव्हरेज आणि पंपावरचं एव्हरेज

गाडीच्या एव्हरेजवरच्या एका लेखात म्हटलंय ट्रिप कंप्युटर (डॅशबोर्डच्या डिस्प्लेवर एव्हरेज दाखवतो तो) दाखवतो तेच खरं एव्हरेज धरा, पण ते मला नाही पटत. अहो तो पेट्रोल काही मापाने मोजत नाही, इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून अंदाज काढतो आणि बऱ्याच गाड्यांत आकडा जरा चढाच येतो. खरं बघायचं तर ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा, ट्रिप बी (किमी मोजणारा दुसरा ट्रिप मीटर) झिरो करा, निम्म्याहून जास्त टाकी वापरून त्याच पंपावर त्याच नोझलने परत ऑटो कटपर्यंत भरा. वरून आणखी पन्नासचं टाका म्हणून राउंड फिगर करायची नाही, तिथेच सगळा घोळ. समजा ४५० किमी झाले आणि ३० लिटर बसलं तर एव्हरेज लिटरला १५ किमी, डिस्प्ले १६.२ म्हणत असेल तर तुमचा कंप्युटर ८ टक्के गोड बोलतोय.

शिवाय बडोद्यात मांडवी, दांडिया बाजारात फिरताना आणि अहमदाबाद एक्सप्रेसवेवर आकडा सारखा कसा येईल? उभ्या गाडीत एसी चालू म्हणजे किमी शून्य, पेट्रोल चालूच. डिस्प्लेवरचं एव्हरेज रीसेट कधी केलं तेही बघा, वर्षभराचं एव्हरेज असेल तर एका ट्रिपने ते हलणारच नाही. तुलनेला मात्र डिस्प्ले मस्त आहे, ८० ने चालवली की १०० ने, फरक लगेच कळतो.