काकांचे उरलेले वाक्य

गेल्या गुरुवारी सायकलवरून जाताना मला एकाच मोटारीसाठी तीनदा थांबावे लागले, आणि तेही ती आडवी आली म्हणून नव्हे, तर मागे राहिली म्हणून.

टोरोंटोच्या ब्लोर स्ट्रीटवरून मी मंडळाच्या नाटकाच्या तालमीला निघालो होतो. बाथर्स्टच्या सिग्नलला शेजारच्या मोटारीची काच खाली सरकली आणि नाटकात सासऱ्यांचे काम करणारे काका, सात आसनांच्या गाडीत एकटेच, मला दिसले. "अरे, तुमच्या सायकलींनी अख्खा रस्ता खाल्ला! सरकार म्हणते तेच..." इतक्यात हिरवा दिवा लागला. मी निघालो, काका तेथेच राहिले, कारण त्यांच्यापुढे आणखी बरेच जण एकेका गाडीत एकेकटे बसून होते.

वडीलधाऱ्यांचे वाक्य अर्धवट टाकून जाणे बरे दिसत नाही, म्हणून पुढे क्रिस्टीच्या चौकापाशी मी पाय टेकून वाट पाहिली. बऱ्याच वेळाने काका आले. "...तेच बरोबर आहे. या सायकलींच्या लेन उखडल्या की गाड्या कशा सुसाट सुटतील!"

"काका, बांधायला २ कोटी ७० लाख डॉलर लागले आणि काढायला किमान ४ कोटी ८० लाख लागतील, असा महापालिकेचाच अंदाज आहे."

"मग बांधल्या कशाला?" हा प्रश्न मला ऑसिंग्टनपर्यंत पुरला.

ऑसिंग्टनला काका हळवे झाले. सदाशिव पेठेतून ते कॉलेजला सायकलनेच, आणि तेही डबलसीट, जात असत. पुण्यातून सायकली घालवायला कायदा लागला नाही, ते काम स्कूटरींनी परस्पर उरकले. आमच्या ऑन्टॅरिओ प्रांताच्या सरकारने मात्र नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लोर, यंग आणि युनिव्हर्सिटी या टोरोंटोतल्या रस्त्यांवरील सायकल-मार्गिका काढण्यासाठी रीतसर कायदा केला, त्याच्या नावातच नागरिकांचा वेळ वाचवण्याची हमी घातली, आणि मार्गिका गेल्यामुळे कोणी जखमी झाला किंवा मेला तरी सरकारवर दावा लावता येणार नाही, अशी तरतूदही न विसरता केली. म्हणजे काय होऊ शकते, याची कल्पना त्यांना होती. जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने हे काढणे जीविताच्या आणि सुरक्षिततेच्या हक्काविरुद्ध ठरवले, शिवाय त्यामुळे कोंडी सुटणार नाही, असा सल्ला सरकारला आधीच मिळाला होता, हेही नोंदवले. तरी सरकार अपिलात गेलेच. या मार्गिका वाचवण्यासाठी आम्ही फलक धरून रस्त्यावर उभे राहतो, तेव्हा हॉर्न वाजवून शिव्या देणाऱ्यांना यातले काहीही ऐकायचे नसते, आणि काका तर आपल्याच माणसांतले, त्यामुळे मला त्यांच्यावर ओरडताही येत नाही.

डफरिनला त्यांनी घड्याळ पाहिले. "तू पुढे जातोच आहेस, तर दिग्दर्शकाला सांग, मला अर्धा तास उशीर होईल. आणि माझी खुर्ची धरून ठेव."

मी निरोप पोहोचवला आणि खुर्चीही धरली. काका येईपर्यंत त्यांचे संवाद मलाच वाचावे लागले, त्यांतला पहिलाच होता, "जावईबापू, जरा वेळेवर यायला शिका."