पालीची साक्ष

आत्याला साठेक ओव्या तोंडपाठ आहेत आणि तिचं वय ८४. त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यात राहून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. मला साठ जमायला काय हरकत होती? माइक आणला, खिडकीला गोधडी टांगली, आठ वर्षांची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडली आणि कोथरूडच्या आमच्या मागच्या खोलीचा स्टुडिओ झाला.

पहिलं रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. आत्याचा आवाज पंढरीच्या वेशीपाशी पोचला आणि टक. पुढे रुक्मिणी रुसली, टक.

“पाल चुकचुकली,” टेबलावर बोटं आपटत आत्या म्हणाली, “कृष्ण कृष्ण.”

“आत्या, पाल नाहीये. डिस्क मध्येच अडकते, तेवढा आवाज गळतो.”

“काहीही म्हण. चुकचुकली म्हणजे मी म्हटलं ते खरं.”

हिशेब मांडला तर डिस्क अडकायचं कारणच नव्हतं. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, दोन चॅनल, १६ बिट, म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेदोनशे केबी. आमची म्हातारी डिस्कसुद्धा त्याच्या कितीतरी पट लिहू शकते. पण घोडं वेगात नव्हे, मध्येच पडणाऱ्या खंडात अडतं. गुरुवारी पाणी बंद म्हणून बुधवारी रात्री पिंपं भरणाऱ्याला हे लगेच कळेल. आवाजाचा नळ एकसारखा चालू असतो. खाली बफर नावाची बादली. डिस्क म्हणजे बादली पिंपात ओतून परत येणारा गडी. गडी धावतो झकास, पण जिन्यात कोणाशी गप्पा मारत उभा राहिला की इकडे बादली भरून वाहते. जे वाहून गेलं, ती टक.

मग गप्पा मारतंय कोण, याचा तपास सुरू झाला. पहिला संशयित अँटिव्हायरस. वाढत्या फाइलमध्ये तो सारखा डोकावत होता, जणू रुक्मिणीच्या रुसव्यातून व्हायरस शिरणार होता. ते फोल्डर त्याच्या यादीतून वगळलं. टक. माइक आणि डिस्क एकाच यूएसबी हबवर भांडत होते. डिस्क थेट मागच्या पोर्टात खोचली. टक. बफर वाढवला, बादलीच्या जागी घंगाळ ठेवलं. टका कमी झाल्या. पण उरल्या त्या चांगल्या जाडजूड.

मध्येच निराळंच सुरू झालं. चहानंतरची पहिली ओळ दर वेळी गायब. वीस मिनिटं काम नसलं की डिस्क बंद करायची, अशी विंडोजची सोय असते, आणि आत्याचा चहा वीस मिनिटांत कधीच आटोपत नाही. जागी होऊन फिरायला लागेपर्यंत डिस्कचे काही सेकंद जात.

“दुपारची झोपते होय?” आत्याला डिस्कबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. “झोपू दे की.”

ती सोय मी बंद केली. आत्या दिवसभर माझ्याशी तुटक बोलली.

शेवटी भाच्याने डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. पिवळा चौकोन आणि त्यात ‘कॉशन’. काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे बारके कप्पे, बाद झालेले, काही बाद व्हायच्या रांगेत. अशा जागेशी पोचली की डिस्क पुन:पुन्हा प्रयत्न करत बसते. गडी जिन्यात बोलत नव्हता, त्याला धाप लागत होती.

डिस्क घेऊन पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तापकीर गल्ली गाठली. दुकानदाराने ती कानाशी धरली.

“वय?”

“आठ वर्षं.”

“आधी डाटा काढून घ्या.”

“आणि रिपेअर?”

“रिपेअर कसली करताय? पेन्शन द्या.” आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

डाटा काढला. आता रेकॉर्डिंग कॉम्प्युटरच्या आतल्या एसएसडीवर, म्हणजे न फिरणाऱ्या डिस्कवर करतो आणि संध्याकाळी दोन ठिकाणी उतरवतो. परवा साठही ओव्या पुन्हा घेतल्या आणि आत्याला ऐकवल्या. पंढरीची वेस आली. आत्याने टेबलावर आपटायला बोटं उचलली आणि तशीच अधांतरी धरली. आवाज स्वच्छ. रुक्मिणी रुसली, तिथेही काही नाही.

“आता हे खरं कशावरून?” आत्या म्हणाली.

जुनी फाइल मी पुसली नव्हती. ती लावली.

टक.

“कृष्ण कृष्ण,” आत्याने टेबल वाजवलं आणि चहा टाकायला सांगितला.