एका बटणाचं काम म्हणे!

"मॅडम, एका बटणाचं तर काम आहे की."

हे वाक्य पुन्हा कुणी माझ्या टेबलासमोर उभं राहून म्हटलं ना, तर त्याला माझ्या खुर्चीत बसवणार, कीबोर्ड पुढ्यात सरकवणार आणि मी खाली चहा प्यायला जाणार. शोध म्हणावं ते बटण. सापडलं की हाक मार.

गेली अठरा वर्षं सोलापुरात नवी पेठेत डीटीपी करतेय. लग्नपत्रिका, प्रबंध, स्मरणिका, जे येईल ते. मॅक्रो, म्हणजे वर्डला एकदा शिकवून ठेवायचं आपोआप होणारं काम, मला कळत नाहीत अशातला भाग नाही. कळतात म्हणूनच डोकं फिरतं.

यंदाचं प्रकरण ऐका. एका मंडळाची हुतात्मा दिनाची स्मरणिका, सोलापूरच्या चार हुतात्म्यांना १९३१ साली फाशी दिली त्या दिवसाची. प्रकाशन १२ जानेवारीला, फाइल माझ्याकडे आली ६ तारखेला. शिवाय पुढे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, म्हणजे प्रेसवाले आधीच "१० च्या नंतर आणू नका" म्हणून बसलेले. दोनशेच्या वर पानं, पंचवीस-तीस लेखक. कुणी जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेलं, कुणी फोनवर बोलून आजच्या युनिकोडमध्ये. फाइल देताना कार्यकर्ते अगदी प्रेमानं म्हणाले, "आमच्या भाच्यानं वर्डमध्ये मॅक्रो चालवलाय. शुद्धलेखन झालंय सगळं. तुमचं काम हलकं केलंय बघा."

हलकं! फाइल उघडली आणि पहिल्याच पानावर 'सोलापूरी चादर'. खाली 'महापूरुष'. मग 'पूरस्कार'. मग 'पूरावा'. एका बाईंनी आजीच्या आठवणी लिहिल्या होत्या, त्यात 'पूरणपोळी'. भाच्यानं काय केलं असेल ते पाचव्या सेकंदाला कळलं. लोक 'सोलापुर' असं ऱ्हस्व लिहितात, म्हणून पठ्ठ्यानं 'पुर'च्या जागी 'पूर', रिप्लेस ऑल, म्हणजे अख्ख्या फाइलीत एकदम. अरे बाबा, सोलापूर दीर्घ, पण सोलापुरात आणि सोलापुरी ऱ्हस्व. पंढरपूर दीर्घ, पंढरपुरात ऱ्हस्व. शाळेत सामान्यरूप शिकवलं होतं तेव्हा कुठं गेलतास बे?

बरं, उलटं करावं तर आता तेही करता येत नाही. सगळे 'पूर' परत 'पुर' केले की बरोबर असलेले 'सोलापूर', 'महापूर', 'कापूर' सगळेच बुडाले. फाइंड होल वर्ड्स ओन्ली, म्हणजे पूर्ण शब्दच शोध, ही खूण केली तर नुसतं सुटं 'सोलापुर' सापडतं. 'सोलापुरचा', 'सोलापुरहून' तसेच राहतात, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, इंग्रजीसारखा लांब उभा राहत नाही. ते बटण बनवणाऱ्याच्या डोक्यात मराठी कधी आलीच नव्हती, त्याला तरी काय बोलणार.

नाही, बोलणारच. कारण मॅक्रो स्वतः लिहायला बसा म्हणजे कळेल. वर्डमध्ये व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची भाषा, १९९७ च्या आवृत्तीपासून आहे. आल्ट आणि एफ ११ दाबा, ती जुनाट खिडकी उघडते, तिच्यात मराठी अक्षर चिकटवा. काय दिसतं? प्रश्नचिन्हं. ओळभर प्रश्नचिन्हं. डॉक्युमेंटमध्ये मराठी झकास दिसते, पण ज्या खिडकीत त्या मराठीला काय करायचं ते सांगायचं, तिला मराठी कळत नाही. जपानी, अरबी लोकांना निदान विंडोजची भाषा बदलून काम चालवता येतं, कारण त्यांच्या लिप्यांची जुनी कोडपेजं, म्हणजे अक्षरांचे तक्ते, आहेत. देवनागरीला विंडोजमध्ये तसलं कोडपेजच नाही. म्हणजे सेटिंग बदलूनही प्रश्नचिन्हंच.

मग उपाय काय, तर युनिकोडमधले प्रत्येक अक्षराचे ठरलेले आकडे. स म्हणजे २३६०, ओकार २३७९, ल २३५४, काना २३६६, प २३४६, दीर्घ ऊकार २३७०, र २३५२. प्रत्येक आकड्याच्या आधी सीएचआरडब्ल्यू ही आकड्याचं अक्षर करणारी आज्ञा, कंस, मध्ये 'आणि'चं चिन्ह. एवढं लिहिलं की एकदा 'सोलापूर' होतं. आणि २३७० च्या जागी २३६९ पडलं की ऱ्हस्व! ज्या चुकीसाठी मॅक्रो लिहायचा तीच चूक मॅक्रोत. रात्री दीड वाजता, नळाला पाणी येणार म्हणून एक कान मोटारीकडे ठेवून, हे आकडे लिहून बघा एकदा. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, सोलापूरकरांना सांगायला नको.

आता कृतिदेवचं. हा भाग भाच्यामुळे सगळ्यात जास्त चिघळला. कृतिदेव म्हणजे मुळात इंग्रजी अक्षरांवर मराठीचा मुखवटा. फॉन्ट काढला की खाली इंग्रजी कचरा. त्याचं युनिकोड करायचं तर एकेका अक्षराची अदलाबदल करून भागत नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफार उलटा: तिथे काना-मात्रा झाल्यावर शेवटी, इथे अक्षराच्या आधी. ही हलवाहलवी केली नाही की 'सिद्धेश्वर'चं 'िसद्धेश्वर' होतं, त्या बिचाऱ्या वेलांटीला टेकायला ठिपक्यांचं वर्तुळ मिळतं. आणि 'कुर्बान'चं होतं 'कुबार्न'. हो. चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन. ज्यांच्या नावानं स्मरणिका, ज्यांना येरवड्यात फाशी दिली, त्यांचं नाव 'कुबार्न'. पहिल्या कच्च्या प्रतीत ते दिसलं तेव्हा अंगावर काटा आला. हे छापून चार पुतळ्यांपाशी वाटलं असतं तर?

एरवी मी मॅक्रोला बजावते की फक्त कृतिदेव फॉन्टमधलाच मजकूर शोध, बाकीच्याला हात लावू नको. पण भाच्यानं "सगळं एकसारखं दिसावं" म्हणून कंट्रोल ए मारून अख्ख्या फाइलला मंगल फॉन्ट लावला होता. आता कृतिदेव कुठे संपतो आणि खरं इंग्रजी कुठे सुरू होतं, हे मॅक्रोला कळायला काही मार्गच उरला नाही. मूळ लेख वेगवेगळे मागवायला हवे होते. ती चूक माझी, कबूल. वेळ नव्हता म्हणून मी तसाच मॅक्रो सोडला. कृतिदेवमध्ये बंद होणारा कंस म्हणजे 'द्ध'. झालं! एका लेखात फाशीचं साल कंसात होतं, त्याचं झालं '१९३१द्ध'. उघडणाऱ्या कंसाचा अर्धविराम. मागच्या पत्त्यांच्या यादीत सगळ्या सोलापूरकरांचा फोनचा कोड '०२१७द्ध'.

आणि जाहिराती! त्या सगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये. हातानं रिप्लेस ऑल केलं तर तिथपर्यंत पोचतं, पण तेच रेकॉर्ड करून मॅक्रो म्हणून चालवलं की मुख्य मजकुरावरून फिरतं आणि परत येतं. टेक्स्ट बॉक्स, हेडर, तळटीपा, सगळ्यांच्या दारात वेगवेगळं जावं लागतं, नाहीतर लेखात 'सोलापूर' आणि शेजारच्या जाहिरातीत 'सोलापुर'. जाहिरातदार पहिल्यांदा काय बघतो? स्वतःची जाहिरात.

तुम्ही म्हणाल, अठरा वर्षं करतेस तर तुझे तयार मॅक्रो असतील की. होते. वर्डच्या नॉर्मल डॉटएम या फाइलीत होते, तिथेच ते राहतात. मागच्या पावसाळ्यात मशीन दुरुस्तीला दिलं, त्या पोरानं "डेटा सगळा डी ड्राइव्हवर आहे ना?" विचारलं आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला. सात-आठ वर्षांचे मॅक्रो सी ड्राइव्हवर. मैत्रिणीकडे तिच्या कामाला दिलेले थोडे शिल्लक होते, तिनं मेलवर पाठवले, तर वर्डनं लाल पट्टी दाखवली: मॅक्रो अडवले आहेत. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलीतले मॅक्रो मुळातच बंद असतात. मॅक्रोतून व्हायरस पसरायचे, १९९९ च्या मेलिसा नावाच्या व्हायरसनं जगभर गोंधळ घातला होता, म्हणून हे शहाणपण. मान्य. पण प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकची खूण करायची असते, हे त्या लाल पट्टीवरच लिहायला काय झालं होतं? अर्धा दिवस त्यात गेला.

शेवटी काय केलं? 'पूर' एकेक करून बघितले. फाइंड नेक्स्ट, वाच, ठरव. फाइंड नेक्स्ट, वाच, ठरव. सहाशे अडतीस वेळा. दोन रात्री. शेंगाचटणी आणि कडक भाकरी टेबलावरच, घरी जाऊन जेवायचं त्राण नाही.

१० तारखेला कार्यकर्ते आले. पानं चाळली, खूश झाले, बिल बघितलं आणि थांबले.

"एवढे? भाच्यानं तर करून दिलं होतं की सगळं."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर वर ऐकू गेलं असतं, वरती वकिलांचं ऑफिस आहे. पैसे दिले त्यांनी, थोडे कमी करून. जिना उतरले आणि पाचव्या मिनिटाला फोन.

"मॅडम, एक राहिलंच. सगळीकडे 'श्री'पुढे टिंब पाहिजे. 'श्री' काढून 'श्री.' टाका. एका बटणाचं..."

फोन ठेवला. फाइल उघडली. 'श्री' शोधलं. पहिलंच आलं ते हुतात्म्यांचं पान: श्रीकिसन सारडा.