'साउंड नंतर बघू'

मल्टिमीडियाच्या प्रत्येक ग्रुप प्रोजेक्टमध्ये हेच. कॅमेऱ्यामागे निम्मा वर्ग, आणि साउंडला मी एकटा, बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, हातात घेऊन 'फ्रेममध्ये येतोयस, मागे हो' ऐकत. 'थांबा, ३० सेकंद रूम टोन घेऊ' म्हटलं की सगळ्यांना नेमकी भूक लागते! अरे बाबांनो, त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड केली नाही, तर दोन संवादांमधली फट मी कशाने बुजवू? पंखा बंद करा म्हणावं, तर 'उकडतंय रे, नंतर काढून टाक ना'. काढतो की. नॉइज रिडक्शन जरा जास्त झालं की नायिका विहिरीतून बोलल्यासारखी वाटते, आणि मग बोंब माझ्याच नावाने. (लेव्हल वर चढवून फोडलेल्या आवाजाबद्दल तर बोलतच नाही. डिजिटलमध्ये शून्य डीबी ही आवाजाची कमाल पातळी, तिच्या वर छाटलं गेलं ते गेलं.)

'पिक्चर लॉक', म्हणजे 'आता एडिटमध्ये बदल नाही', म्हणून फाइल येते सबमिशनच्या आदल्या रात्री. कसलं डोंबलाचं लॉक! पहाटे कुणीतरी मधल्या १२ फ्रेम कापतं. सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत म्हणजे जवळपास अर्धा सेकंद. पुढचे पावलांचे, दारांचे, बांगड्यांचे सगळे आवाज सरकतात. बसा परत जुळवत.

एवढं करून परीक्षक फिल्म बघणार लॅपटॉपच्या स्पीकरवर, जिथे खालची घरघर ऐकूच येत नाही. वर शेरा काय? 'म्युझिक छान आहे.'

म्युझिक नव्हतंच हो त्यात!